‘ॲक्टिव्हेट करा’ची कटकट: जुन्या कॉम्प्युटरवर या चुका टाळा

जुना कॉम्प्युटर सुरू केला की चहा ढवळून होईपर्यंत स्क्रीनवर चौकट हजर: ‘ॲक्टिव्हेट करा’, म्हणजे सॉफ्टवेअरचं लायसन्स खरं आहे हे पटवून द्या. बंद केली की तासाभराने पुन्हा. तिसऱ्या दिवशी माणूस वैतागतो, आणि त्या वैतागात जे काही करून बसतो ते निस्तरायला मूळ कटकटीपेक्षा जास्त वेळ जातो. ‘जरा बघतोस का’ म्हणून माझ्याकडे असे बरेच कॉम्प्युटर येतात. त्यातल्या बहुतेकांवर उपाय आधीच सुरू झालेले असतात. चौकट नेमकी कोणाची आहे, हे मात्र कोणी पाहिलेलं नसतं.

विचारतंय कोण, हे न बघणं

विंडोजची स्वतःची खूण ठरलेली आहे. विंडोज १० मध्ये उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरांत ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ येतं. त्याला बटण नसतं, फुली नसते. विंडोज ७ असेल तर वॉलपेपर काळा होतो आणि ‘ही प्रत अस्सल नाही’ अशा अर्थाची ओळ दिसते. ऑफिसची मागणी वर्ड किंवा एक्सेल उघडल्यावरच येते. कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेल्या अँटीव्हायरसची ट्रायल संपली असेल तर घड्याळाजवळून लाल चौकट वर सरकते. आणि ब्राउझरमधून आलेल्या सूचनेत बारीक अक्षरांत कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता असतो. तो वाचायचा.

तरीही कळलं नाही, तर चौकट समोर असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यादीतल्या संशयित नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. जो फोल्डर उघडेल, त्याच्या नावातच बहुतेक वेळा उत्तर असतं.

ब्राउझरवाली चौकट निघाली तर हा ॲक्टिव्हेशनचा विषयच नाही. कधीतरी घाईत एखाद्या साइटला सूचना पाठवायला ‘अलाउ’ केलेलं असतं, तिचे हे प्रताप. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून ती परवानगी काढा, विषय संपला. चौकटीत फोन नंबर दिला असेल तर सरळ बनवाबनवी समजा. मायक्रोसॉफ्टच्या एरर आणि इशाऱ्यांमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे त्या कंपनीनेच सांगितलेलं आहे. चौकट स्क्रीनभर पसरून बंदच होत नसेल तर ऑल्ट आणि एफ४ दाबा. नाहीच ऐकलं तर टास्क मॅनेजरमधून अख्खा ब्राउझर बंद करा.

घड्याळाकडे दुर्लक्ष

या चुकीत मीही सापडलो आहे. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर हिशेबाचं एक सॉफ्टवेअर रोज सकाळी नव्याने ॲक्टिव्हेशन मागायचं. की (लायसन्सचा सांकेतिक क्रमांक) टाकली, स्वीकारली, काम झालं. दुसऱ्या दिवशी पाढे पंचावन्न. मी ते दोनदा काढून पुन्हा टाकलं. शेवटी सहज उजव्या कोपऱ्यात नजर गेली, तर तारीख १ जानेवारी २००९.

मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, रुपयाएवढी गोल बॅटरी असते, सीआर२०३२ नावाची, ३ व्होल्टची. प्लग काढल्यावरही घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती मेली की कॉम्प्युटर दर वेळी भूतकाळात जागा होतो. मग लायसन्स तपासणाऱ्या सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटतं आणि जोडणी होत नाही. शिवाय ट्रायल लांबवण्यासाठी लोक तारीख मागे नेतात, म्हणून काही सॉफ्टवेअर मागची तारीख दिसली की आपल्यालाच चोर ठरवतात. मशीन बंद करून, प्लग काढून बॅटरी बदलायची आणि तारखेबरोबर टाइम झोनही बघून घ्यायचा. तेव्हापासून कुठलीही की शोधण्याआधी मी तारीख बघतो.

वापरलेल्या मशीनचा इतिहास न विचारणं

कार्यालयातून निघालेला कॉम्प्युटर घरी येतो, पाच-सहा महिने गुण्यागोविंदाने चालतो आणि अचानक ॲक्टिव्हेशन मागू लागतो. लोकांना वाटतं व्हायरस शिरला. खरं कारण साधं आहे. मोठ्या संस्था एकेका मशीनला वेगळी की देत नाहीत. त्यांच्या नेटवर्कवरचा एक सर्व्हर सगळ्यांना ॲक्टिव्हेट करतो. त्याला केएमएस म्हणतात. या ॲक्टिव्हेशनची मुदत १८० दिवसांची. मशीन त्या नेटवर्कवर असेपर्यंत ती गुपचूप वाढत राहते. घरी तो सर्व्हर नाही, म्हणून मुदत संपते.

खात्री करायला विंडोज आणि आर ही बटणं दाबा. पट्टीत इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर लिहा, एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि लगेच डी-एल-आय. थोड्या वेळाने जी खिडकी उघडेल तिच्यात ‘व्हॉल्यूम’ आणि ‘केएमएस’ हे शब्द दिसले, तर ते लायसन्स तुमचं नाहीच. डी-एल-आयच्या जागी एक्स-पी-आर लिहिलं तर मुदत कधी संपते तेही कळतं.

अशा मशीनला स्वतःचं लायसन्स लागतं, आणि ते कधीकधी तिथेच असतं. विंडोज ७ च्या काळात डेस्कटॉपच्या कॅबिनेटवर किंवा लॅपटॉपच्या पोटाशी २५ अक्षरांच्या कीचं स्टिकर लावत. विंडोज ८ पासून अनेक कंपन्या की मदरबोर्डमध्येच साठवू लागल्या. मात्र विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीची की ‘प्रो’वर चालत नाही, त्यामुळे आवृत्ती जुळते का ते आधी बघा.

दोन ऑफिस एकत्र नांदवणं

लॅपटॉपबरोबर ऑफिसची ट्रायल आलेली, त्यावर आपण आपलं विकतचं जुनं ऑफिस टाकलेलं. आपलं व्यवस्थित ॲक्टिव्हेट असतं, पण फाइलवर डबल क्लिक केलं की उघडते ट्रायल, आणि तीच पैसे मागते. आपण बिचारे बरोबर की पुन्हा पुन्हा चुकीच्या ऑफिसला देत राहतो. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रॅमच्या यादीत ऑफिसची नावं मोजा. दोन निघाली तर ट्रायल काढून टाका, मग उरलेल्याला ‘रिपेअर’ द्या. अँटीव्हायरसच्या संपलेल्या ट्रायलचाही हिशेब याच यादीत चुकता होतो.

‘ॲक्टिव्हेटर’ उतरवून घेणं

लायसन्स न घेताच ॲक्टिव्हेट करून देतो म्हणणाऱ्या या फायली. यावर फार लिहीत नाही. ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना ज्या फाइलबरोबर येते, ती का येते हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. त्याचीच सौम्य आवृत्ती म्हणजे विंडोजची ‘सॉफ्टवेअर प्रोटेक्शन’ ही सर्व्हिस बंद करण्याचा सल्ला. लायसन्स तपासण्याचं काम तीच करते. ती बंद केलीत तर अस्सल कीसुद्धा ओळखली जाणार नाही.

सपोर्ट संपला म्हणजे ॲक्टिव्हेशन गेलं, असं समजणं

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. याचा अर्थ नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. तुमचं लायसन्स रद्द झालं नाही. सपोर्ट संपल्याच्या सूचनेला ॲक्टिव्हेशनची चौकट समजून नवी की विकत घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

बाकी सॉफ्टवेअरचं मात्र वेगळं असू शकतं. ॲडोबी कंपनीने फोटोशॉप वगैरे असलेल्या सीएस२ या जुन्या संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर २०१२ च्या शेवटी बंद केले, तेव्हा की खरी असूनही पलीकडे उत्तर द्यायलाच कोणी उरलं नाही. अधिकृत ग्राहकांसाठी कंपनीने ॲक्टिव्हेशन न मागणारी प्रत दिली. तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरची की बरोबर, तारीख बरोबर, इंटरनेट चालू, आणि तरीही नकार येत असेल, तर बनवणाऱ्या कंपनीच्या मदत विभागाला खरेदीची पावती जोडून विचारा, ती सेवा चालू आहे की नाही.