कोबाल्ट नॅनोरॉडचे चुंबक मोजताना या चुका टाळा

कोबाल्ट नॅनोरॉडची, म्हणजे काही नॅनोमीटर जाडीच्या कांड्यांची, सुटी पूड कॅप्सूलमध्ये भरून हिस्टेरिसिस लूप (चुंबकीय क्षेत्र उलटसुलट करताना मॅग्नेटायझेशन, म्हणजे चुंबकीकरण, कसं बदलतं त्याचा आलेख) काढू नका. सुरुवात या चुकीपासूनच करतो, कारण हिच्यापायी मी एक चांगली बॅच टाकून दिली. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) कोबाल्टच्या कांड्या एकसारख्या दिसत होत्या, जाडी १५ नॅनोमीटरच्या आसपास, पण कोअर्सिव्हिटी, म्हणजे मॅग्नेटायझेशन शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र, अपेक्षेच्या निम्मीही येईना. रसायनातच खोट असणार असं धरून आठवडाभर मी अभिक्रियेचं तापमान बदलत बसलो. खोट तिथे नव्हतीच. क्षेत्र उलटं केलं की आतलं मॅग्नेटायझेशन उलटण्याआधी अख्खी कांडीच फिरत होती. असं झालं की रिमनन्स (क्षेत्र काढल्यावर उरणारं मॅग्नेटायझेशन) फुगतो, कोअर्सिव्हिटी पडते आणि त्याच नमुन्याचा दुसरा लूप पहिल्याशी जुळत नाही. ही शेवटची खूण कधीही दुर्लक्षू नका. पूड वितळलेल्या पॅराफिन मेणात किंवा इपॉक्सीत पक्की बसवा आणि मगच मोजा.

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. मोटारींमधल्या निओडिमियम चुंबकांसाठी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं लागतात आणि त्यांच्या पुरवठ्यावर चीनची पकड आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा त्याची झळ पुण्याच्या विजेवरच्या दुचाकींपर्यंत पोचली. कोबाल्टची कांडी हा त्यावरचा एक मार्ग आहे. तिचा लांबट आकार आणि षट्कोनी स्फटिकाचा सी-अक्ष एकाच दिशेला असतात, त्यामुळे दोन्हींची अ‍ॅनायसोट्रॉपी एकमेकींत मिळते, म्हणजे मॅग्नेटायझेशनला एका दिशेला धरून ठेवणारी ओढ वाढते. तरी कोबाल्ट स्वस्त नाही, हे विसरू नये.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: आकारमान. एनर्जी प्रॉडक्ट, म्हणजे चुंबक दर घनफळामागे किती ऊर्जा देऊ शकतो याचं माप, काढताना अनेकजण भरीव कोबाल्टची घनता, ८.९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, सरळ घालून मोकळे होतात. प्रत्यक्ष वडीत, म्हणजे कांड्या एकत्र बसवून केलेल्या तुकड्यात, निम्मी जागा सेंद्रिय आवरणाची आणि पोकळीची असते. एनर्जी प्रॉडक्ट साधारण मॅग्नेटायझेशनच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे धातूचा वाटा ५० टक्के असताना तुमचा आकडा जवळपास चौपट फुगतो. २०१४ साली टेक्सासमधल्या अर्लिंग्टनच्या गटाने १५ नॅनोमीटर जाड, २०० नॅनोमीटर लांब तारांसाठी १०.६ किलो-ओर्स्टेड कोअर्सिव्हिटी आणि ४४ एमजीओई (मेगागॉस-ओर्स्टेड, एनर्जी प्रॉडक्टचं एकक) एनर्जी प्रॉडक्ट दिला, पण हा ४४ तारांचा आकडा आहे, वडीचा नव्हे. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी थर्मोग्रॅव्हिमेट्री (तापवताना वजन किती बदलतं ते मोजणं) आणि चुंबकीय मोजमाप यांची सांगड घालून धातूचा वाटा ४५ ते ५५ टक्के असल्याचं दाखवलं आणि मग वडीसाठी १६५ किलोज्यूल प्रति घनमीटर, म्हणजे सुमारे २१ एमजीओई, एवढाच आकडा मांडला. मला हा लहान आकडा जास्त मोलाचा वाटतो. चुंबक बनवणाऱ्याच्या हातात वडी येते, सुटी तार नाही.

वाटा वाढवायला वडी दाबून ठासण्याचा मोह होतो. दाबाने कांड्या तिरक्या होतात, हे एक. दुसरं, त्या जवळ आल्या की आकारातून मिळणारी कोअर्सिव्हिटी घनतेच्या प्रमाणात उतरत जाते.

कांड्यांची एका दिशेला रांग लागली की नाही, हे लूपच सांगतो. रिमनन्स भागिले सॅच्युरेशन (जास्तीत जास्त मॅग्नेटायझेशन) ०.५ च्या आसपास असेल तर कांड्या वाटेल तशा पडल्या आहेत. फ्रान्सच्या त्या नमुन्यांत हे गुणोत्तर ०.९९ पर्यंत गेलं होतं. रांग लागायला कांड्यांचं द्रावण चुंबकीय क्षेत्रात ठेवूनच सुकवा. सुकलेल्या ढेकळावर नंतर कितीही क्षेत्र लावलं तरी रांग लागत नाही.

लांबीचा हव्यास सोडा. लांबी जाडीच्या पाचपट असली की अमर्याद लांब कांडीच्या आकार-अ‍ॅनायसोट्रॉपीतला ८३ टक्के वाटा हाती आलेला असतो, दहापटीला ९४ टक्के. त्यापुढची मेहनत टोकांवर खर्च करा. डंबेलसारखी फुगीर टोकं असतील तर मॅग्नेटायझेशन तिथूनच उलटायला सुरुवात होते. टोकं निमुळती, गोलसर हवीत.

हवेचं काय होतं, ते हिशेबाने बघा. १२ नॅनोमीटर जाडीच्या कांडीवर दीड नॅनोमीटरचा ऑक्साइड चढला, तर आकारमानाचा ४४ टक्के भाग कोबाल्ट राहिलेला नसतो. सॅच्युरेशन १६० इएमयू (चुंबकत्वाचं एकक) प्रति ग्रॅमच्या बरंच खाली आलं, तर आधी सेंद्रिय आवरणाचं वजन वजा करा. तरीही तूट उरली तर नमुना क्षेत्रात थंड करून कमी तापमानाला लूप काढा. तो एका बाजूला सरकलेला दिसला की कोबाल्ट ऑक्साइड आहे असं समजा. धुणं, सुकवणं, मेणात बसवणं, सगळं आर्गॉनखाली करा.

शेवटची गोष्ट तापमानाची. वडी घट्ट व्हावी म्हणून ती भट्टीत घालू नका. २५० अंश सेल्सिअसच्या आसपास कांड्या एकमेकींना चिकटून आकार गमावतात. शिवाय कोबाल्टची स्फटिक-अ‍ॅनायसोट्रॉपीही तापमानासोबत झपाट्याने घटते आणि साधारण त्याच टप्प्यावर शून्याला पोचते. मोटारीसाठी चुंबक करत असाल, तर खोलीच्या तापमानाचा लूप पुरेसा नाही. १५० अंशांचाही काढा आणि दोन्ही शेजारी शेजारी छापा.