पोरगं फुटबॉलमध्ये चमकतंय? मग या चुका टाळा

सांगलीत किंवा मिरजेत एखाद्या शालेय सामन्यात १४ वर्षांचं पोर तिघांना चकवून गोल करतं आणि त्याच रात्री घरात बेत शिजतो: याला मोठ्या अकादमीत घालायचं. कौतुक रास्तच आहे. पण अशी कितीतरी गुणी पोरं बारावीपर्यंत मैदानाबाहेर गेलेली दिसतात, आणि पोरातला खेळ आटला म्हणून नव्हे, तर मोठ्यांनी घाई केली म्हणून.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे नाव बघून संघ निवडणं. नॉर्वेचा मार्टिन ओडेगार्ड १५ व्या वर्षी देशाच्या मुख्य संघातून खेळला. जानेवारी २०१५ मध्ये, १६ व्या वर्षी, स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबने त्याला उचललं. जगभर गाजावाजा झाला. प्रत्यक्षात सराव मुख्य संघाबरोबर आणि सामने दुसऱ्या फळीकडून, त्यामुळे तो ना इथला राहिला ना तिथला. वाट सापडली ती २०१७ पासून, नेदरलँड्समधल्या हीरेनवीन आणि मग व्हिटेस या लहान क्लबांकडे तो लोनवर, म्हणजे काही काळासाठी उसना, गेला तेव्हा. तिथे त्याला नियमित खेळायला मिळालं. पुढे स्पेनमधला रेआल सोसिएदाद, मग इंग्लंडमधला आर्सेनल. मार्च २०२१ मध्ये तो नॉर्वेचा कर्णधार झाला, जुलै २०२२ मध्ये आर्सेनलचा. तोवर तो २३ वर्षांचा होता. नेदरलँड्समधल्या काळात त्याच्यावर फारसे कॅमेरे नव्हते, पण माझ्या मते खेळाडू घडला तो याच काळात.

म्हणून पुणे-मुंबईच्या अकादमीची फी भरण्याआधी एवढंच विचारा: या वयोगटाने गेल्या हंगामात अधिकृत सामने किती खेळले, आणि नव्या मुलाला मैदानावर मिनिटं किती मिळाली? उत्तर गुळमुळीत आलं तर थांबा. पोरगं आधीच तिथे असेल आणि दोन-दोन महिने बेंचवर बसत असेल, तर सरांशी भांडू नका. नेमकं काय कमी पडतंय ते विचारा आणि रोज खेळायला मिळेल असा लहान संघ शोधा. त्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरी चूक शरीराची. शाळा, क्लब आणि गावोगावचे चषक, एकच पोर तिन्हीकडे, तेही उन्हात, टणक मैदानावर. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या वरच्या टोकाला दुखू लागलं, तिथे टेंगूळ आलं, तर स्प्रे मारून उतरवू नका. तिथलं वाढतं हाड ताणलं जात असतं. खेळ कमी करा, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मिरजेत त्यांची वानवा नाही.

कर्णधारपदाचंही तसंच. सर्वाधिक गोल करणाऱ्याच्या दंडाला पट्टी बांधली की नेता तयार झाला असं आपण समजतो. सुनील छेत्री २००२ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानकडून खेळू लागला, भारताचं नेतृत्व त्याच्याकडे २०१२ च्या सुमारास आलं. तयारी लहान कामांतून होते: वॉर्म-अप त्याला घेऊ द्या, नव्या मुलाला त्याच्या जोडीला द्या, पंचांशी नीट बोलायला शिकवा. बॉल गेला की ओरडण्याऐवजी पहिला प्रेस, म्हणजे बॉल परत घ्यायला अंगावर धावून जाणं, त्याने करावा. ओडेगार्ड आर्सेनलमध्ये तेच करतो. मैदानात तुमचं पोर गप्प राहत असेल तर सुरुवात एका हाकेपासून करा: 'मागं माणूस!' आणि बाबांनी कडेला उभं राहून 'शूट मार' ओरडणं तेवढं बंद करावं. सर सांगतात पास दे, वडील सांगतात मार. पोराचा पाय अडखळतो.

राहता राहिला वयाचा दाखला. वय एखादं वर्ष कमी लावायचा सल्ला कुणी दिला तर तिथल्या तिथे नकार द्या. वयोगटाच्या अनेक स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासलं जातं, आणि पोर त्यात अडकलं तर ते खेळण्याआधीच बाद होतं. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवर नाव व तारीख अक्षरशः एकसारखी आहे ना, हे निवड चाचणीच्या आदल्या रात्री नव्हे, आत्ताच बघून घ्या.