रोबो-सेलमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी: काउंटर रिसेट करण्यापूर्वी

गाडीचा सांगाडा जोडणाऱ्या विभागात, म्हणजे बॉडी शॉपमध्ये, हाताने स्पॉट वेल्डिंग (दोन पत्रे दाबून, करंट देऊन ठिकठिकाणी जोडणे) करण्यात माझी सहा वर्षे गेली आणि लाइनवर रोबो आल्यानंतर मला सेल ऑपरेटर, म्हणजे रोबोच्या कुंपणबंद जागेवर देखरेख करणारा, म्हणून घेण्यात आले. नोकरी टिकली, परंतु हातातली वेल्डिंग गन गेल्यावर आपल्याला नेमके काय येते, हा प्रश्न मला कित्येक महिने छळत होता. त्या काळात केलेली एक चूक येथे सविस्तर सांगतो.

एका गाडीच्या सांगाड्यावर काही हजार स्पॉट वेल्ड असतात. गनच्या तांब्याच्या टिपा वापराने चेपून पसरतात, म्हणून आमच्या सेलमधला वेल्ड कंट्रोलर झालेले वेल्ड मोजून करंट टप्प्याटप्प्याने वाढवत नेई. ठरलेला आकडा गाठला की अलार्म येई. आधी टिपा बदलायच्या आणि मगच काउंटर रिसेट करायचा, असा क्रम होता. एका शिफ्टमध्ये गाड्यांचा आकडा मागे पडला होता, लाइन खोळंबली होती आणि मी टिपा न बदलताच काउंटर रिसेट केला. दिवा हिरवा झाला, रोबो सुरू झाला.

आता यातली मेख समजून घ्या. टिपा नव्या आहेत असे गृहीत धरून कंट्रोलरने करंट पुन्हा सुरुवातीच्या पातळीवर आणला. टिपा मात्र पसरलेल्याच होत्या. ६ मिलिमीटर व्यासाचे टोक ७ मिलिमीटरचे झाले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते, तोच करंट मोठ्या जागेत विभागला जातो आणि दोन पत्र्यांमध्ये वितळून तयार होणारा नगेट लहान राहतो किंवा धरतच नाही. स्क्रीनवर सर्व काही ठीक दिसत होते, कारण सांगितलेला करंट दिला गेला एवढेच ती दाखवत होती. पुढच्या शिफ्टला छिन्नी चाचणीत (वेल्डजवळ पत्र्यांमध्ये छिन्नी ठोकून जोड तपासणे) पत्रे सुटले, पुढे गेलेले सांगाडे परत तपासावे लागले आणि कंट्रोलरच्या नोंदीत रिसेटची वेळ माझ्या लॉगिनसह निघाली.

ती युक्ती मला एका वरिष्ठांनीच शिकवली होती. अलार्म सर्वांत लवकर घालवणाऱ्याला गुरू मानू नका. ठिणग्या आणि आवाजावरून टिप ओळखणारा जुना वेल्डर भेटला, तर त्याच्यामागे हिंडा. केवळ सिम्युलेशनवर चालणारे आठवड्याभराचे रोबो प्रोग्रॅमिंगचे कोर्स, माझ्या मते, पैसे घालवण्याजोगे नाहीत.

घाबरून जाऊ नका. वायरिंग हार्नेससारखे (गाडीतल्या विजेच्या तारांचा जुडगा) लवचिक भाग बसवण्याचे काम अजूनही प्रामुख्याने माणसेच करतात, आणि टेस्लामध्ये अतिस्वयंचलन ही चूक ठरल्याचे इलॉन मस्क यांनी २०१८ मध्ये स्वतः मान्य केले. मात्र एका बाबतीत सवलत नाही: स्थिर उभा असलेला रोबो बहुधा सिग्नलची वाट पाहत असतो, बंद नसतो. टीच मोडमध्ये, म्हणजे माणूस त्याला हालचाली शिकवत असताना, त्याचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरवर मर्यादित असतो, ऑटोमध्ये ती मर्यादा नसते; म्हणून लॉकआउट (वीजपुरवठा तोडून त्यावर कुलूप लावणे) केल्याशिवाय कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका.

पहिल्याच आठवड्यात छिन्नी चाचणीच्या टेबलापाशी उभे राहू देण्याची विनंती सुपरवायझरांना करा. तेथे एक चांगला आणि एक फसलेला वेल्ड स्वतः उघडून पाहा, आणि स्क्रीनवर त्या दोन्हींपुढे काय नोंदले गेले होते, तेही त्याच वेळी पाहून घ्या.