‘फिक्स पगार’ आणि माझे वरचे पंधरा तास

२०१८ च्या जूनमध्ये मी पुण्यात औषधांच्या एका होलसेल स्टॉकिस्टकडे बिलिंगला लागले. पगार १९ हजार, हुद्दा ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’. सोमवार ते शनिवार सकाळी साडेनऊला पहिलं बिल, रात्री साडेआठला शेवटचं, मध्ये डब्याला अर्धा तास. ओव्हरटाइमचं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘तो पॅकिंगवाल्यांना असतो. तुमचा फिक्स पगार आहे.’ दीड वर्ष मी ते खरं मानलं.

ते खरं नव्हतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कारकुनी काम करणाराही कामगारच, मग पगार महिन्याचा असो की रोजाचा. व्यवस्थापन, देखरेख किंवा गोपनीय काम करणारे तेवढे वगळलेत, आणि तेही प्रत्यक्ष काम बघून; नुसत्या हुद्द्याने कोणी मॅनेजर होत नाही. माझ्या हाताखाली एक माणूस नव्हता, कोणाची रजा मी मंजूर करत नव्हते. दिवसभर बिलं आणि एक्सपायरीचा परतावा. तेव्हा मर्यादा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची होती. त्यावरच्या तासांना दुप्पट दर. माझे ६३ भरत होते.

खरी अडचण पुराव्याची. हजेरीपुस्तकात फक्त सही, वेळ नाही. मग लक्षात आलं, प्रत्येक बिलावर माझं लॉगिन आणि वेळ छापलेली असते! मागच्या तारखांपासून रोजचं पहिलं आणि शेवटचं बिल, नंबरासकट, वहीत उतरवलं. कामगार कार्यालयातल्या बाईंनी ती वही शांतपणे चाळली, अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं, आणि हेही की दावा मागच्या १२ महिन्यांचाच करता येईल. जानेवारी २०२० मध्ये अर्जाची प्रत मालकांसमोर ठेवली. पैसे तीन हप्त्यांत आले. सुरुवातीचे सात महिने मात्र बुडाले, ते मला अजून लागतं.

आता नियम बदललेत. २०२५ मध्ये राज्याने दिवसाची मर्यादा १० तास केली आणि कायदा २० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांपुरता ठेवला. दुप्पट दर कायम आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षं आहे.

तरी वही पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि ती घरी ठेवा. नोकरी सुटली की लॉगिन त्याच संध्याकाळी बंद होतं.