जबडा दुखतो आणि तोलही जातो: घरातल्या ज्येष्ठांसाठी काय करावे

कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे दोन बोटे टेकवून तोंड हळूहळू उघडले आणि मिटले, की त्वचेखाली एक गोलसर हाड पुढे सरकते आणि पुन्हा जागेवर येते. हा जबड्याचा सांधा. त्यातली कूर्चेची चकती सरकली, सांधा झिजला किंवा चावण्याचे स्नायू दिवसभर आवळलेले राहिले, तर कानापुढे दुखते, तोंड पुरते उघडत नाही, घास चावताना कट्कन आवाज येतो. आवाज येतो पण दुखत नाही आणि तोंडही नीट उघडते, अशा वेळी बहुधा कोणत्याही उपचाराची गरज नसते.

जबड्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूचा मानेच्या वरच्या भागातील मज्जातंतूंशी आणि तोल सांभाळणाऱ्या केंद्रांशी संबंध असतो, म्हणून जबडा आणि तोल यांच्या नात्यावर संशोधन होत आले आहे. मात्र जबड्यावर उपचार केले की ज्येष्ठांचे पडणे थांबते, असे त्यातून सिद्ध झालेले नाही. त्यामुळे केवळ तोल सुधारावा म्हणून दंतवैद्याकडून दात कानसून घेणे किंवा चावा कायमचा बदलणारे महागडे उपचार करून घेणे मला योग्य वाटत नाही. घरच्यांनी लक्ष घालावे असे दुवे दोन आहेत: ताट आणि गोळ्या.

आधी ताट पाहावे. जबडा दुखू लागला की वयस्कर माणूस तक्रार करत नाही, तो भाकरी सोडतो. मग उसळ, दाणे, काकडी सुटते आणि दोन्ही वेळा मऊ भात व चहात बुडवलेली बिस्किटे एवढाच आहार उरतो. माझ्या आईचे असेच झाले होते. तिच्या ताटात भाकरीचा पापुद्रा तेवढा खाल्लेला आणि खालचा जाड भाग तसाच राहिलेला दिसू लागला, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले. अशा खाण्यात प्रथिने कमी पडतात, मांड्यांचे स्नायू झिजतात आणि खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. यावर उपाय म्हणजे अन्न मऊ ठेवावे, पण निकस ठेवू नये. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून द्यावी, खिचडीत मुगाची डाळ वाढवावी, भाजीत दाण्याचे बारीक कूट घालावे, दही, पनीर, चालत असल्यास अंडे रोज द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कवळी सैल झाली असेल किंवा झिजून हनुवटी नाकाकडे आल्यासारखी दिसत असेल, तर ती दंतवैद्याकडून तपासून घ्यावी.

आता गोळ्या. जबड्याच्या दुखण्यासाठी स्नायू सैल करणारी किंवा झोपेची गोळी दिली जाते, चेहऱ्यात विजेसारखी कळ येत असेल तर कार्बामाझेपिन दिले जाते, आणि या औषधांनी ज्येष्ठांना गुंगी येऊन तोल जाऊ शकतो. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्यांसह सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात. मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नये. त्याच भेटीत आडवे असताना आणि उभे राहिल्यावर 1 व 3 मिनिटांनी रक्तदाब मोजण्याची विनंती करावी. वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर चक्कर येण्याचे एक कारण हाती लागले असे समजावे.

जबड्यासाठी 'न' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे ती ठेवून, ओठ मिटून आणि दात किंचित सुटे ठेवून बसण्याची सवय लावावी. जीभ तिथेच ठेवून दुखणार नाही इतकेच तोंड 6 वेळा उघडावे आणि मिटावे, आणि असे दिवसातून काही वेळा करावे. कोमट पाण्यात पिळलेला पंचा गालावर 10 मिनिटे ठेवावा, आणि जांभई आली की हनुवटीखाली हात धरावा.

तोलाचा सराव स्वयंपाकाच्या ओट्याला धरून, शेजारी कोणी उभे असतानाच करावा. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांपुढे ठेवून 10 सेकंद उभे राहणे, आणि भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न टेकता 30 सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा उठणे, हे दोन प्रकार पुरेसे आहेत. सराव करताना दात आवळले जात नाहीत ना, हेही पाहावे. उठण्याचा आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजावा. तो वाढला नाही किंवा मधल्या काळात पडणे झाले, तर फिजिओथेरपिस्टकडे जावे.

काही लक्षणांमध्ये मात्र घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. पन्नाशीनंतर चावता चावता जबडा भरून येत असेल आणि सोबत कानशिलात नवी डोकेदुखी किंवा दृष्टीत अंधूकपणा असेल, तर रक्तवाहिनीच्या दाहाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण त्यात दृष्टी जाऊ शकते. चालताना किंवा छाती दाटून येऊन जबडा दुखला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा जांभईनंतर तोंड उघडेच राहिले, तर घरी ओढाताण न करता थेट रुग्णालय गाठावे.