ट्रेनिंग झालं, तरी रिजेक्शन तेवढंच? या चुका टाळा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतून फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "सर, पोरांना जरा ट्रेनिंग द्या, लक्षच नसतं कामात." हे ऐकून ट्रेनरने लगेच तारीख दिली की पहिली चूक झाली. मी ती बरीच वर्षं केली. मानधन मिळतं, जेवण मिळतं, बॅनरखाली ग्रुप फोटो निघतो. कोण नाही म्हणेल?

एका मशीन शॉपमध्ये बोअर (जॉबमधली गोल भोकं) ओव्हरसाइज, म्हणजे ठरल्यापेक्षा मोठे जात होते, दुसऱ्या पाळीत जास्त. मालकांच्या मते पोरं मोबाईलवर असतात. मी दोन दिवस मायक्रोमीटर, बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन), टॉलरन्स (मापात चालणारी सूट) असं सगळं शिकवलं. परीक्षेत सगळे पास. महिन्याने रिजेक्शन (नापास ठरणारा माल) होतं तिथेच. मग एका संध्याकाळी कुणाला काही न विचारता मशीनशेजारी उभा राहिलो. क्वालिटीचा माणूस जनरल शिफ्टचा, साडेपाचला निघाला आणि जाताना बोअर गेज कपाटात ठेवून कुलूप लावून गेला. पूर्वी एकदा गेज पडला होता, म्हणून साहेबांचाच तसा हुकूम! पुढे रात्रीपर्यंत पोरं व्हर्नियरवर भागवत होती. ४० मिलिमीटरच्या एच-७ (सुटीचा ठरलेला दर्जा) बोअरला सूट २५ मायक्रॉनची आणि त्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान मापच, २० मायक्रॉन. हे गणित त्यांना माझ्या ट्रेनिंगआधीही कळत होतं. माझे दोन दिवस जे करू शकले नाहीत, ते एका जादा किल्लीने केलं.

थॉमस गिल्बर्ट या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ साली कामगिरीच्या कारणांचे सहा कप्पे मांडले. तीन माणसाबाहेरचे: माहिती, साधनं, मोबदला. तीन माणसातले: ज्ञान, क्षमता, इच्छा. त्याचं म्हणणं असं, की आधी बाहेरचे तीन तपासा, कारण दुरुस्ती तिथेच स्वस्तात होते. आपण मात्र थेट चौथ्या कप्प्यात उडी मारतो. त्याहून सोपी कसोटी रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या ट्रेनिंगच्याच अभ्यासकांची: जिवावर बेतलं असतं, तर या माणसाला हे काम जमलं असतं का? जमलं असतं, तर त्याला पुन्हा शिकवून काय उपयोग? अडलंय दुसरीकडे.

मोबदल्याचा कप्पा उघडायला मॅनेजर मंडळी सगळ्यात नाखूश असतात. हळद पावडरच्या एका पॅकिंग युनिटमध्ये पाऊच गळत होते. मालकांना 'गुणवत्तेची जाणीव' हा विषय हवा होता. बायकांना पैसे मिळायचे बॉक्सवर, परत आलेला माल कुणाच्या हातचा ते कधी कळायचंच नाही. वर सीलिंग मशीन तापायला लागणारा वेळ त्यांच्याच कमाईतून जायचा. मग मशीन अर्धवट तापलं तरी सील मारायचं, हे शहाणपणाचंच होतं की! एक मावशी मला म्हणाल्या, "सायेब, जाणीव हाय ओ, पण घरी न्यायला पैसं बी पायजेत." पहिली पंधरा मिनिटं पगारी धरली आणि पास झालेल्याच बॉक्सचे पैसे लावले, तेव्हा मशीन तापेपर्यंत कुणी घाई करेना.

आता मॅनेजर आणि ट्रेनर यांनाच हे विश्लेषण शिकवायचं असेल तेव्हाची चूक. हॉलमध्ये बसवून फिशबोन (कारणं मांडायची माशाच्या काट्यासारखी आकृती) काढायला लावतात, उदाहरण कुठल्या तरी जपानी कारखान्याचं. छान आकृत्या निघतात आणि तिथेच राहतात. प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातली एक तफावत आकड्यात घेऊन यावी: आज किती, हवं किती, फरकाची महिन्याची किंमत किती. 'पोरं लक्ष देत नाहीत' ही तफावत नव्हे, तो राग आहे. मग त्यांना फ्लोअरवर पाठवावं आणि सगळ्यात चांगला ऑपरेटर इतरांपेक्षा वेगळं काय करतो ते नुसतं बघायला सांगावं. एका शॉपमध्ये असा हुकमी गडी सापडला. त्याच्या खिशात सेटिंगचे ऑफसेट (मशीनला द्यायचे मापातले फरक) लिहिलेली तेलकट डायरी होती. बाकीच्यांकडे नव्हती, आणि देऊन टाकायला तो तयार होता. कुणी मागितलीच नव्हती.

मोजमापाबाबत माझीच फजिती सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, निम्मी माणसं कामावर पोचू शकली नाहीत. माझं ट्रेनिंग होतं महिनाअखेर. मी सप्टेंबरचं उत्पादन ऑगस्टशी ताडून मोठ्या दिमाखात तक्ता दाखवला. मागच्या रांगेतून एक सुपरवायझर हळूच म्हणाला, "सर, पूर ओसरला त्याचं श्रेय पण घ्या." तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, आणि जमल्यास ट्रेनिंग न झालेल्या पाळीशी.

फीडबॅक फॉर्मवर 'उत्तम'ला टिक म्हणजे जेवण बरं होतं एवढंच. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या ट्रेनिंगच्या अभ्यासकांनी १९५९ पासूनच्या लेखांत मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, कामात उतरलं का, धंद्याला फरक पडला का. आपले बहुतेक अहवाल पहिल्या पायरीवर संपतात. तिसरी पायरी ट्रेनरच्या हातात नसते, सुपरवायझरच्या असते. म्हणून त्याला बॅचच्या आधी भेटा. 'तिकडे काय ते शिकवू देत, इथं माझ्या पद्धतीनं करायचं' असं तो म्हणाला, की पोरगं दुसऱ्या दिवशी मागच्या सवयीवर.

आणि मालक अडूनच बसले, 'शनिवारी ट्रेनिंग हवंच', तर नाही म्हणू नका. हो म्हणा, पण एक अट घाला: त्याआधी बुधवार-गुरुवारी दोन्ही पाळ्यांत फ्लोअरवर उभं राहू द्यायचं, पाळी बदलताना तीनला आणि जनरल शिफ्ट गेल्यावर सहालाही. शनिवारचा विषय काय, ते शुक्रवारी सांगतो म्हणावं.