पंप खोलण्याआधी सक्शन बघा: खाडीकाठच्या पंपांवरच्या नेहमीच्या चुका

पंपाने पाणी देणं सोडलं की पहिला पाना पंपावरच पडतो. सील बदल, इंपेलर (आतला फिरता पंखा) काढ, मोटर तपासायला पाठव. सक्शन पाइपाकडे, म्हणजे पंपात पाणी येतं त्या पाइपाकडे, बघायची पाळी शेवटी येते, आणि दहापैकी सात वेळा दुखणं तिथेच असतं. सेंट्रिफ्यूगल पंप पाणी ‘ओढतो’ हा समजच मुळात चुकीचा आहे. तो इंपेलरच्या तोंडाशी आलेलं पाणी बाहेर फेकतो. मागचं पाणी हवेचा दाब ढकलतो. हा दाब खाऱ्या पाण्याच्या हिशोबात जेमतेम १० मीटर उंच स्तंभाएवढा. त्यात काय काय बसवायचं ते आपलं आपण बघावं.

खाडीकाठच्या एका बर्फाच्या कारखान्यातलं उदाहरण घ्या. कंडेन्सरला (गॅस थंड करणाऱ्या भागाला) खारं पाणी देणारा पंप एरवी ठीक चालायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मात्र, तेही पहाटे नाहीतर दिवेलागणीला, आत खडी भरडल्यासारखा आवाज यायचा आणि डिलिव्हरी गेजचा (बाहेर जाणाऱ्या पाण्याचा दाब दाखवणाऱ्या) काटा थरथरत खाली यायचा. सील दोनदा बदललं. इंपेलर नवा बसवला. शेवटी नारळही फुटला.

दुखणं ओहोटीचं होतं. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर पाणी सर्वांत खाली जातं ते साधारण याच वेळांना. पंपाच्या मध्यापासून पाणी साडेपाच मीटर खाली गेलेलं. स्ट्रेनरवर, म्हणजे सक्शनच्या तोंडाच्या जाळीवर, कालवं आणि शेवाळ यांचा थर, त्यात दीड मीटर खर्च. पाण्याच्या वाफेपोटी ०.४ मीटर वजा. दहातून उरले २.६ मीटर, आणि आत वाफ होऊ नये म्हणून पंपाला हवे होते ३.५. इंपेलरच्या तोंडाशी पाण्याची वाफ होत होती, तिचे बुडबुडे पुढे फुटत होते; खडीचा आवाज तो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत ओहोटीची पातळी मीटरभर वरच राहते, म्हणून तेव्हा पंप कसाबसा तगायचा. स्ट्रेनर खरवडून साफ केल्यावर दीड मीटरचा खर्च ०.३ वर आला आणि उधाणातही पंप चालला. इंपेलरचे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून सक्शनवर व्हॅक्युम गेज हवाच. वरच्या हिशोबात बिघाडाच्या वेळी तो सुमारे ५२५ मिलिमीटर पारा दाखवतो, साफ स्ट्रेनरवर ४४० च्या आत. लॉगबुकात आकडा लिहिताना शेजारी ओहोटीची वेळही लिहावी. दोन पंधरवड्यांत चित्र स्पष्ट होतं. आणि आवाज बंद व्हावा म्हणून सक्शनचा व्हॉल्व्ह दाबणारे हुशार लोक असतात, त्यांना पॅनेलपासून लांब ठेवा. आवळायचा तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह.

दुसरी आवडती चूक जूनमधली. मासेमारी बंद, बर्फाला गिऱ्हाईक नाही, स्टार्टर बंद केला आणि सगळे घरी. केसिंगमध्ये (पंपाच्या बाहेरच्या कवचात) खारं पाणी तसंच. साचलेल्या खाऱ्या पाण्यात ३०४ स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात, ३१६ त्यापेक्षा थोडं जास्त टिकतं इतकंच. बिडाचं केसिंग बाहेरून धड दिसतं आणि आतून पेन्सिलीच्या शिशासारखं मऊ होतं. प्रायमिंगच्या (चालू करण्याआधी पंपात पाणी भरायच्या) लाइनीतून गोडं पाणी दहा-पंधरा मिनिटं सोडायचं, ड्रेन प्लग काढायचा आणि काढलेलाच ठेवायचा. आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने सव्वा फेरा फिरवायचा. पूर्ण फेरा नको, शाफ्ट पुन्हा त्याच जागी येऊन थांबतो. ऑगस्टमध्ये चालू करण्याआधी मोटरला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावा. १ मेगाओमच्या खाली असेल तर बटण दाबू नका, आधी दिव्याची ऊब देऊन वाइंडिंग सुकवा. घाई करणाऱ्याला एक दिवस वाचतो आणि रिवाइंडिंगचा आठवडा लागतो.

ग्लँड डोरीतून (शाफ्टभोवतीच्या पॅकिंगमधून) पाणी गळतं म्हणून नट आवळून ते पार बंद करणं हा नवशिक्यांचा छंद. ते थेंब डोरीला थंड ठेवतात. मिनिटाला ४० ते ६० थेंब पडू द्या. दोन्ही नट सारखे, एकेक पैलू फिरवायचे आणि दहा मिनिटं थांबायचं. नाहीतर डोरी जळते, शाफ्टवरच्या स्लीव्हला चर पडतो, आणि मग कितीही आवळा, गळती राहतेच.

वादळानंतर लाइन जोडली की फेज उलटलेले असू शकतात. उलटा फिरणारा पंपही पाणी देतो, फक्त कमी, म्हणून आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. आधी पंपावरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघा. इंपेलर शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असेल तर कपलिंग सोडवूनच मोटर फिरवून बघायची, उलट फिरला तर तो सुटून केसिंगला घासतो.

ग्रीस बेअरिंगच्या घरात अर्ध्यापर्यंतच. ठासून भरलं की बेअरिंग तापतं, आणि तापलं म्हणून पुन्हा ग्रीस मारणारेही आहेत.

अलाइनमेंट (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत असणं) पाइप जोडण्याआधीची धरू नका. फ्लँजचे बोल्ट आवळल्यावर पुन्हा डायल गेज लावा. काटा हलला तर पाइप पंपाला खेचतोय. शिम (पातळ पत्रा) घालू नका, पाइपाचा आधार दुरुस्त करा.

डिलिव्हरी बंद ठेवून चालू करा, पण मिनिटभरात उघडा. केसिंगमध्ये १० लिटर पाणी आणि त्यात ५ किलोवॉट जात असतील तर मिनिटाला सात अंश चढतात. ऑपरेटर चहा पिऊन येईपर्यंत आत उकळी फुटलेली असते.